‘नटक्रॅकर’ बॅले मोठ्या पडद्यावर: मुलांना न्याच, आजीलाही न्या

रानजाई (गुरुवार, रात्री ११:४०)

काल संध्याकाळी आमच्या इथल्या (रेडिंग, इंग्लंड) सिनेमागृहात ‘नटक्रॅकर’ पाहून आलो. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये प्रयोग चालू होता आणि तोच थेट पडद्यावर दिसत होता. मी, सात वर्षांची लेक आणि कुडाळहून तीन महिन्यांसाठी आलेली माझी आई. घरी आल्यापासून डोक्यात तेच घोळतंय. डिसेंबरात मुलांना कुठे न्यायचं हा प्रश्न इथल्या परदेशस्थ मंडळींना दरवर्षी पडतो, म्हणून सविस्तर लिहिते.

जायच्या दोन दिवस आधी लेकीला गोष्ट सांगायला बसले आणि पहिल्याच वाक्यावर अडले. नटक्रॅकर म्हणजे काय? इथल्या दुकानांत महिनाभर ते लाल डगल्यातले, पांढऱ्या दाढीचे लाकडी शिपाई मांडलेले असतात. पण पाठीमागची दांडी उचलली की त्यांचा जबडा उघडतो आणि त्यात अक्रोड फोडायचा असतो, हे तिला माहीतच नव्हतं. आईने उठून पानाच्या डब्यातला तिचा पितळी अडकित्ता आणला. तो तिच्या सासूबाईंचा. दोन्ही दांड्यांच्या टोकाला एकेक पोपट आहे, वर्षानुवर्षं हात लागून त्यांच्या चोची गुळगुळीत झाल्यात. आईने नातीचा हात आपल्या हातात धरून सुपारीवर अडकित्ता दाबला. कट्ट! मग म्हणाली, “आता मध्यरात्री हा पोपट जिवंत झाला तर?” लेकीचे डोळे एवढे मोठे झाले. पुढची गोष्ट तिने स्वतःच ओढून घेतली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नाताळच्या आदल्या रात्री क्लाराच्या घरी मेजवानी असते. ड्रॉसलमायर नावाचा जादूगार पाहुणा तिला लाकडी नटक्रॅकर देतो. रात्री सगळे झोपल्यावर ती त्याला बघायला खाली येते, बारा वाजतात, नाताळचं झाड वाढत वाढत छताला भिडतं आणि उंदरांची फौज येते. नटक्रॅकर उंदरांच्या राजाशी लढतो, क्लारा चप्पल फेकून राजाला मारते आणि नटक्रॅकरचा तरुण होतो. मग बर्फातून प्रवास आणि मिठायांचं राज्य. रॉयल बॅलेचा प्रयोग पीटर राइट यांनी १९८४ साली बसवलेला आहे. त्यात आणखी एक धागा आहे, तो मला फार आवडला: नटक्रॅकर म्हणजे मुळात ड्रॉसलमायरचा पुतण्या हान्स-पीटर. उंदरांच्या राणीने सूड म्हणून त्याला लाकडाचा करून टाकलेला. म्हणजे हा काका अख्खी मेजवानी हसतखेळत जादू दाखवत फिरतो, पण त्याचं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे असतं, की ही मुलगी माझ्या पोराला सोडवेल का?

हे मला थिएटरात वरच्या मजल्यावरून कधीच दिसलं नव्हतं. आठ वर्षांपूर्वी मी हाच बॅले अगदी वरच्या, स्वस्तातल्या जागेवरून पाहिला होता. रचना छान दिसल्या, चेहरा एकाचाही नाही. काल पडद्यावर ड्रॉसलमायर पुतण्याची तसबीर बघतो तेव्हा त्याच्या पापण्या हललेल्या दिसल्या. मिठायांच्या राज्यातली शुगर प्लम फेरी, म्हणजे तिथली परी, नाचत असताना कॅमेरा जवळ गेला. चेहऱ्यावर हसू तसंच, पण मानेची शीर ताठ झालेली आणि गळ्याखालच्या खळग्यात घाम चमकत होता. बुटांच्या टोकांचा लाकडी फळ्यांवर होणारा टक-टक आवाज ऐकू येत होता. लेक माझ्या कानात म्हणाली, “आई, ती दमलीय, पण ती कोणाला सांगत नाहीये.”

आता आईचं. तिला इंग्रजी येत नाही, बॅले हा शब्दही तिने इथे येऊन ऐकला. मला धाकधूक होती की अडीच तास कंटाळेल. उंदरांची लढाई सुरू झाली, शिपाई आणि उंदीर तलवारी घेऊन एकमेकांभोवती फिरायला लागले, तशी ती पुढे सरकून बसली आणि मला कोपराने ढोसून म्हणाली, “गो बाय, ह्यां तर आमच्या दशावतारातलां युद्ध!” खरंच की. पखवाज-झांजेच्या ऐवजी ऑर्केस्ट्रा, एवढाच फरक. जत्रेत रात्र रात्र बसून ज्याने दशावतार पाहिलाय त्याला रंगमंचावरची लढाई पायांनी लढतात हे शिकवावं लागत नाही.

आणि दुसऱ्या अंकातली ती जागा! हान्स-पीटर मिठायांच्या राज्यात पोचल्यावर शुगर प्लम फेरीला घडलेलं सगळं सांगतो. एक शब्द नाही, सगळं हातांनी आणि अंगाने. उंदीर कसे आले, मी कसा लढलो, मी पडणार तेवढ्यात हिने चप्पल कशी मारली. आमच्या पुढच्या रांगेतली माणसं तेव्हा खाऊच्या पिशव्या चाळवत होती. आई आणि लेक मात्र त्याच्या हातांवरून नजर हलवत नव्हत्या. चप्पल फेकल्याची खूण झाली तेव्हा दोघी एकदम हसल्या.

एक सांगून ठेवते. दुसऱ्या अंकात गोष्ट शोधू नका. गोष्ट तिथे संपलेली असते, उरतो तो जलसा. चॉकलेटचा स्पॅनिश नाच, कॉफीचा अरबी, चहाचा चिनी, मग रशियन, मग फुलांचं वॉल्ट्झ. “पुढे काय होणार?” असं मुलांनी विचारलं तर “आता पाहुण्यांसाठी सगळे नाचून दाखवणार” एवढं सांगा, ती निवांत बघतात.

गालबोट एकच. आमच्या सिनेमागृहात पहिली दहाएक मिनिटं दिवे मालवलेच नव्हते. मी बाहेर जाऊन सांगितलं तेव्हा बंद झाले. तुमच्याकडे असं झालं तर संकोच न करता लगेच उठा. ती सुरुवात परत मिळत नाही.

---

सुरंगी (शुक्रवार, सकाळी ८:०५)

अडकित्त्याचा प्रसंग वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आजीच्या अडकित्त्यावर घोडा होता. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या अडकित्त्यांचा संग्रह आहे. कुणी मुलांना घेऊन जाणार असेल तर हा दुवा आधी जोडून द्या, मुलं त्या कपाटासमोरून हलणार नाहीत.

प्रश्न: माझा मुलगा चार वर्षांचा आहे. उंदरांना घाबरेल का? आणि एवढा वेळ बसेल का?

---

खर्जषड्ज (शुक्रवार, सकाळी १०:३०)

रानजाई, सुंदर लिहिलंय. माझा प्रांत संगीताचा, म्हणून त्या बाजूने भर घालतो.

दिवे चालू राहिल्यामुळे तुमचं काय हुकलं ते आधी सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी कान तिकडे लावाल. सुरुवातीच्या छोट्या ओव्हर्चरमध्ये (पडद्याआधीच्या संगीतात) या बॅलेचा संगीतकार चायकोव्हस्की याने चेलो आणि डबल बास ही खालच्या सुरांची तंतुवाद्यं पूर्ण वगळलीत. खर्जच नाही. त्यामुळे सगळा आवाज जमिनीपासून वीतभर वर चालल्यासारखा, खेळण्यातल्या वाद्यांसारखा हलका वाटतो. पडदा उघडण्याआधीच तुम्ही लहान मुलाच्या उंचीवर आलेले असता.

शुगर प्लम फेरीच्या नाचातलं ते काचेसारखं किणकिणणारं वाद्य म्हणजे चेलेस्टा. दिसायला छोटा पियानो, पण आत तारांच्या जागी पोलादी पट्ट्या आणि त्यांवर पडणाऱ्या मऊ हातोड्या. ऐकताना मला दर वेळी जलतरंग आठवतो. चायकोव्हस्कीला ते १८९१ मध्ये पॅरिसला सापडलं. तेव्हा ते अगदी नवं होतं. त्याने आपल्या प्रकाशकाला लिहिलं की हे मागवा, पण गुपचूप. रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह या दुसऱ्या रशियन संगीतकारांना सुगावा लागला तर ते माझ्या आधी वापरतील. एवढा मोठा माणूस, पण एका आवाजासाठी त्याचा जीव कसा टांगणीला लागला होता पाहा.

नृत्यरचनाकार मारियुस पेटिपाने त्याला अगदी बारीक हिशेब लिहून दिला होता. कुठे किती बार (तालाचे ठरावीक तुकडे), कुठे कोणती लय. झाड वाढण्याच्या प्रसंगाला ४८ बार, आणि आवाज सारखा चढत गेला पाहिजे. तबल्याच्या साथीने कथक केलेल्यांना हे पटकन कळेल. आवर्तनं मोजून दिलेली असतात आणि त्यातच जीव ओतायचा असतो. ते झाड वाढताना नुसतं ऐका. एकच छोटी चाल, पुन्हा पुन्हा, दर वेळी एक पायरी वर.

आणि शेवटचं मोठं युगुलनृत्य. आधी हार्प, मग चेलो. ते चेलो काय वाजवतात? सां नि ध प म ग रे सा. बिलावलचा सरळ अवरोह, बस. त्यात एवढं दुःख कुठून आलं? चायकोव्हस्की हा बॅले लिहीत असतानाच, १८९१ च्या वसंतात, त्याची लाडकी बहीण साशा गेली. ते कळल्यापासून मला तो अवरोह मिठायांच्या राज्यातला वाटत नाही. कोणीतरी एकेक पायरी उतरत लांब जातंय आणि मागे वळून बघतंय असं वाटतं. सातव्या वर्षी हे कळायची गरज नाही. पण आईबाबांनी त्या वेळी मोबाइल पाहू नये, एवढी कळकळीची विनंती.

---

अडगुलंमडगुलं (शुक्रवार, दुपारी १:१५)

धागा उघडला आणि जेवण गार झालं.

एक सांगायचंय. शुगर प्लम म्हणजे साखरेतलं आलुबुखार असं मी कित्येक वर्षं समजत होते. तसं नाही. शुगर प्लम म्हणजे बडीशेप-शहाजिऱ्यासारखं बी किंवा बदाम मधे ठेवून त्यावर साखरेच्या पाकाचे थरावर थर चढवलेली गोळी. रशियन नावातही ती ‘द्राजे’ची परी आहे, द्राजे म्हणजे तेच. मग आपल्याकडे ते काय? संक्रांतीचा हलवा!

ज्यांनी घरी हलवा केलाय त्यांना या परीची किंमत जास्त कळेल. माझी काकू अजून करते. मंद शेगडीवर परात, त्यात तीळ किंवा खसखस, आणि चमचा-चमचा पाक घालून हाताने सतत हलवत राहायचं. घाई केली की गोळा होतो, आच वाढली की रंग जातो. दोन दोन दिवस चालतं ते काम आणि मग एकेका दाण्याला काटा फुटतो. काकूची बोटं संध्याकाळी लाल झालेली असतात.

म्हणून सांगते, मुलींना “साखरपरी” म्हणून मोकळं होऊ नका. “हलव्याची परी” म्हणा. संक्रांत तीन आठवड्यांवरच आहे, हलव्याचे दागिने दाखवा. मुकुट, हार, बाजूबंद, पांढरे शुभ्र, काटेरी. आणि मग तिचा तो चमचमता मुकुट बघा.

---

हडसनकाठी (शुक्रवार, रात्री ८:५०)

न्यू जर्सीहून. आमच्याकडे ‘नटक्रॅकर’ म्हणजे घरचं कार्य असल्यासारखं असतं. गावोगावच्या बॅले शाळा डिसेंबरात स्वतःचा प्रयोग करतात. माझी मुलगी यंदा उंदीर आहे. सप्टेंबरपासून दर शनिवारी तालीम. शेपटी कुठल्या हातात धरायची यावर घरात गंभीर चर्चा होतात.

अमेरिकेत हे सुरू कसं झालं ते वाचनीय आहे. संपूर्ण बॅले इथे पहिल्यांदा सॅन फ्रान्सिस्कोत १९४४ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी झाला. पण घराघरांत पोचला तो नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलन्शिनमुळे. त्याने न्यूयॉर्क सिटी बॅलेसाठी १९५४ मध्ये बसवला. तो स्वतः सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरच्या बॅले शाळेत वाढलेला, लहानपणी याच बॅलेत नाचलेला. कड्यातून उड्या मारायचा एक नाच त्याने लहानपणी जसा केला होता तसाच आपल्या प्रयोगात ठेवला. त्याचं झाड रंगमंचावर सुमारे ४० फुटांपर्यंत वाढतं. झाडावर खूप खर्च होतोय असं लोक म्हणाले तेव्हा तो हटला नाही, कारण त्याच्या मते झाड हाच बॅले होता. झाड वाढताना आमच्या शेजारची पाच वर्षांची पोरगी खुर्चीवर उभी राहिली होती. तिला कोणी बसवलं नाही.

त्या प्रयोगात क्लाराच्या (तिथे ती मारी) भूमिकेत खरीखुरी लहान मुलगी असते, आणि राजपुत्रही लहान मुलगा. मदर जिंजर नावाच्या पात्राच्या भल्या मोठ्या घागऱ्याखालून आठ मुलं बाहेर येतात, तेव्हा मागच्या रांगांतले आईबाप आपलं पोर कुठलं ते शोधत असतात. आमच्या गावच्या प्रयोगात मीही तेच करतो.

सुरंगीताई, चार वर्षांच्या मुलाबद्दल: आमच्या मुलाने त्या वयात पहिला अंक डोळे विस्फारून पाहिला आणि फुलांच्या वॉल्ट्झला माझ्या मांडीवर झोपला. काही बिघडत नाही. उंदरांच्या वेळी मात्र आधीच सांगून ठेवा की आत माणसं आहेत.

---

मृण्मयी_त (शनिवार, सकाळी ९:२०)

सगळे भरभरून लिहिताहेत आणि मलाही हा बॅले मनापासून आवडतो. तरीही एक गोष्ट बोलायला हवी. चहाचा चिनी नाच. बोटं वर करून, माना हलवत, पिवळट रंग फासून चिनी माणसाचं सोंग आणायची पद्धत कितीतरी वर्षं चालली. माझ्या मुलीच्या वर्गात चिनी मैत्रीण आहे. दोघी शेजारी बसून ते बघत असतील तर मी काय सांगू? न्यूयॉर्क सिटी बॅलेने २०१७ मध्ये त्या नाचातला रंगकाम आणि हातवाऱ्यांचा भाग बदलला. आणखीही संस्था बदलताहेत, ते योग्यच आहे.

अरबी कॉफीचंही तसंच. नाव अरबी, पण ती चाल मुळात जॉर्जियातल्या अंगाईची. त्या अंगाईला मादक नाच करून टाकलेला पाहिला की मला वाईट वाटतं. ती चाल डोळे मिटून ऐका, मुलाला थोपटल्यासारखीच लय आहे.

---

रानजाई (शनिवार, दुपारी २:१०)

मृण्मयी, अगदी बरोबर. काल लेकीने विचारलंच, “चीनमध्ये लोक असं नाचतात का?” मी सांगितलं की नाही, जो माणूस चीनला कधी गेला नाही त्याने सव्वाशे वर्षांपूर्वी कल्पनेने केलेला नाच आहे. तिला पटलं. कॉफीच्या नाचाचं मला माहीत नव्हतं. आज ती चाल आईला ऐकवली. म्हणाली, “पाळणोच हा.”

खर्जषड्ज, तो अवरोह तुमचं वाचून पुन्हा ऐकला. आता मला तो वेगळा ऐकूच येत नाही.

सुरंगी, रॉयल बॅलेचे उंदीर मुखवट्यांमुळे थोडे भयंकर दिसतात, आणि पडद्यावर जवळून दिसल्यामुळे जास्तच. कडेच्या खुर्च्या घे, म्हणजे बाहेर जाता येतं. मध्यंतर नीट मोठं असतं, तेव्हा पडद्यावर तालमी आणि मुलाखती दाखवतात. त्या चुकवू नकोस. नर्तकी नवे बूट आपटून, वाकवून मऊ करतात ते तेव्हा दाखवलं. माझ्या लेकीला अख्ख्या संध्याकाळीत ते सगळ्यात जास्त आवडलं. घरी येऊन शाळेचे बूट भिंतीवर आपटून झाले.

---

गोरखचिंच (शनिवार, संध्याकाळी ६:४५)

मुंबईकरांसाठी: एनसीपीएमध्ये परदेशी ऑपेरा आणि नाटकांचे प्रयोग पडद्यावर दाखवतात, त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेवर लक्ष ठेवा.

मी मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरचा प्रयोगही पडद्यावरच पाहिलाय. युरी ग्रिगोरोविच यांनी १९६६ मध्ये बसवलेला. तो वेगळाच आहे. तिथे मारी मोठी नर्तकी करते आणि शेवटी ती जागी होते, हातात बाहुला घेऊन झाडापाशी बसलेली. स्वप्न संपलेलं. मला तो शेवट जड जातो. राइट यांच्या प्रयोगात क्लाराला शेवटी रस्त्यात तो तरुण दिसतो, दोघं थबकतात, कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं. मग तो काकाच्या दारात जाऊन उभा राहतो. लहान मुलांसोबत बघायचा असेल तर माझं मत याच प्रयोगाला.

आणखी एक. १८ डिसेंबर १८९२ ला सेंट पीटर्सबर्गमध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हा टीकाकारांची तक्रार काय होती माहितीये? रंगमंचावर मुलंच फार आहेत आणि मुख्य नर्तकी फार उशिरा येते. पेटिपा आजारी पडल्यामुळे नृत्यं लेव इव्हानोव्हने बसवली होती, त्यालाही बोल लागले. पुढच्याच वर्षी चायकोव्हस्की वारला. ज्या मुलांमुळे नावं ठेवली गेली त्याच मुलांसाठी आज जगभरची थिएटरं भरतात, हे त्याने पाहिलं नाही.

---

सुरंगी (रविवार, सकाळी ७:५०)

सगळ्यांचे आभार. कडेच्या खुर्च्या मिळाल्या. काल मुलाला गोष्ट सांगितली. अडकित्ता घरात नाही, म्हणून सांडशी वापरली. चालली.

---

रानजाई (रविवार, सकाळी ९:३०)

सांडशी उत्तम!

आज दुपारी आमच्याकडे तोच प्रयोग पुन्हा दाखवताहेत. मी विचारायच्या आधीच आईने विचारलं, “तो काको पुतण्याक परत भेटता तां बघूक मिळात काय?” त्या वेळी ती डोळे पुसत होती, त्यामुळे तिचं नीट बघायचं राहिलं होतं. तीन तिकिटं काढलीत. लेकीने अडकित्ता बरोबर घ्यायचा हट्ट धरला होता, पण पातं धारदार, बाहेर कसं नेणार? शेवटी तो खिडकीत ठेवलाय, पोपटांची तोंडं रस्त्याकडे करून, म्हणजे आम्ही परत येताना त्यांना दिसू.